कुंडीतले संत्रे आणि ताटलीतले पाणी

वरुडच्या मावसभावाने २०१८ साली संत्र्याची दोन कलमे आणून दिली. एक अंगणात लावले, दुसरे गच्चीवर मोठ्या कुंडीत. घरच्या झाडाचे फळ मुलांनी तोडून खावे, एवढीच हौस. कुंडीखाली सौ.ने एक खोलगट ताटली ठेवली, गच्चीवर मातीचे ओघळ नकोत म्हणून.

२०२१ च्या सप्टेंबरात धाकट्या मुलीला ताप आला. डोळ्यांमागे ठणका, अंगदुखी. तपासणीत डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि घरच्यांनी सुस्कारा सोडला. मी मात्र धास्तावलो, कारण डेंग्यूत ताप उतरतानाचे एकदोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालय गाठावे. तापाला पॅरासिटामॉल तेवढे चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. मुलगी बरी झाली. तिला भरती असतानाच आरोग्य कर्मचारी घर तपासून गेले होते. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला तो नेमका संत्र्याच्या ताटलीत. अळ्या वळवळत होत्या. लोकांना डासांवर व्याख्याने देणारा मी, खाली मान घालून उभा!

डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसते पाणी ओतून भागत नाही; अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. ताटली काथ्याने खसखसून घासावी. मी तर ताटली काढूनच टाकली आणि कुंडी दोन विटांवर ठेवली.

झाडालाही तेच मानवले. संत्र्याला पाणी हवे, पण बुंध्याशी साचलेले नको. मुळे कुजतात, डिंक्या लागतो. आपली काळी माती एकटी वापरू नये, रेती आणि कुजलेले शेणखत मिसळावे. डोळा बांधलेली जागा मातीच्या वीतभर वर हवी. तिच्या खालून फुटणारे फुटवे जंभेरीचे असतात, ते लगेच काढावेत. नाहीतर संत्र्याऐवजी जंभेरी पोसाल! कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसते ती अळी असते. दोनचार झाडांना फवारणी कशाला? हाताने वेचावी.

आता खाण्याविषयी. रसापेक्षा फोडी बऱ्या, चोथा पोटात जातो. मधुमेहींनी तर रस टाळावाच. भाकरी-पालेभाजीबरोबर संत्रे खाल्ल्यास त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावे.

अंगणातल्या झाडाने २०२३ मध्ये आंबिया बहाराची तीसेक फळे दिली. कुंडीतल्याने नऊ. साल सैल वाटू लागली की फळ तयार समजावे आणि देठ ठेवून कात्रीने कापावे. ओढून तोडले की देठाजवळ साल फाटते आणि फळ टिकत नाही.