दुचाकीस्वाराचा पाठीराखा

दर वर्षीं स्नेहसंमेलनाच्या दिवशीं कित्येक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास येतात. आमच्या विद्यार्थिदशेंत अशी मंडळी सायकलीवरून येत; हल्लीं बहुतेक जण मोटार-सायकलीवरून येतात. यंदां त्यांपैकीं एक जण काठी टेकीत आला. पावसाळ्यांत माळशेज घाटांत त्याची गाडी घसरली, तो पाठीवर पडला आणि रस्त्याच्या कडेचा दगड त्याच्या पाठीस लागला. एक मणका दुखावला व दोन महिने त्यास अंथरुणास खिळून राहावें लागलें. "पाठीचा रक्षक घेतला नव्हतास काय?" असें आम्हीं विचारतां तो ओशाळून म्हणाला, "घेतला होता, सर. चांगला महागाचा होता. पण त्यानें पाठ फार उकडे, आणि पुढें वांकलें कीं तो मानेस टोंचे. म्हणून त्या दिवशीं तो घरीं खुंटीवरच राहिला."

हें उत्तर ऐकून आम्हांस असें वाटलें कीं, ह्या विषयावर चार शब्द लिहिणें अवश्य आहे. रक्षक सुखकर असणें ही चैनीची बाब नव्हे; ज्याचा जाच होतो तो अंगावर राहत नाहीं, आणि जो अंगावर नाहीं तो रक्षण करीत नाहीं.

प्रथम पाठीच्या कण्याची रचना पाहूं. आपला कणा ३३ मणक्यांचा बनलेला आहे: मानेचे ७, पाठीचे १२, कंबरेचे ५, आणि त्याखालीं एकमेकांस जुळून गेलेले ९. ह्या मणक्यांच्या पोकळींतून मज्जारज्जु जातो. मेंदूचा निरोप हातापायांस पोंचविणारी आणि हातापायांची वार्ता मेंदूस कळविणारी वाट हीच. मोडलेलें हाड बहुधा सांधतें. परंतु तुटलेला मज्जारज्जु पूर्ववत् जोडण्याची विद्या अद्यापि वैद्यांच्या हातीं आलेली नाहीं. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें शिरस्त्राण सक्तीचें केलें आहे. पाठीची काळजी मात्र स्वाराच्या विवेकावर सोंपविलेली आहे.

रक्षकाचें कार्य समजण्यास क्रिकेटच्या मैदानावर जावें. वेगानें येणारा चेंडू झेलतांना कुशल खेळाडु हात किंचित् मागें घेतो. त्यामुळें चेंडूचा वेग एका क्षणांत न थांबतां थोड्या अधिक काळांत थांबतो व हातास बसणारा मार कमी होतो. रक्षक हेंच करितो. तो दाबला जाऊन आघाताचा काळ वाढवितो, आणि एका बिंदूवर येणारा भार मोठ्या जागेवर पसरवितो. मात्र त्याची मर्यादाही ध्यानांत असावी. दगड, कठडा किंवा रस्ता ह्यांचा सरळ मार तो सौम्य करितो. परंतु पडतांना कणा अतिशय वांकला किंवा पिळवटला तर ती इजा तो टाळूं शकत नाहीं. म्हणून रक्षक घातला आतां वेग वाढवावयास हरकत नाहीं, असें कोणीं समजूं नये.

असा पाठीराखा काहीं फार जुना नाहीं. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इटलींतील दाइनेझे ह्या कंपनीसाठीं मार्क सॅडलर ह्या रचनाकारानें शेवंडीच्या कवचावरून त्याची कल्पना घेतली. कोंकणांतील वाचकांनीं शेवंड पाहिलीच असेल: कवच कठीण, पण तुकडे एकावर एक सरकणारे, म्हणून तिला वांकतांही येतें आणि मारही सोसतो. आज असे कठीण पट्ट्यांचे रक्षक आहेत, तसेच मऊ फेसाचेही आहेत. हा फेस हातांत रबरासारखा लवतो, पण अकस्मात् आघात होतांच घट्ट होतो.

विकत घेतांना पहिली गोष्ट म्हणजे आंतील चिठ्ठी वाचावी. पुष्कळ जाकिटांच्या पाठींत नुसता फेसाचा पातळ तुकडा घातलेला असतो. तो आकार राखण्यापुरता असतो, रक्षणापुरता नव्हे. खऱ्या रक्षकावर मोटार-सायकलस्वाराचें चित्र व ई. एन्. १६२१-२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक असतो. ह्या कसोटींत ५ किलोग्रॅमचें वजन सुमारें १ मीटर उंचीवरून, म्हणजे ५० ज्यूल शक्तीनें, रक्षकावर टाकतात व पलीकडे किती जोर पोंचला तें मोजतात. सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत जोर पोंचला तर पहिली पायरी; ९ पर्यंतच पोंचला तर दुसरी. ९ किलोन्यूटन म्हणजे सुमारें ९०० किलोग्रॅमचा भार, हें ध्यानांत घेतल्यास दुसऱ्या पायरीचें महत्त्व कळेल. चिठ्ठीवरील एफ्. बी. हीं अक्षरें संपूर्ण पाठीचीं, सी. बी. हीं मधल्या पाठीचीं व एल्. बी. हीं केवळ कंबरेचीं होत.

आतां सुखाची बाब. येथें आम्ही स्वतःचीच फजिती सांगतों. आम्हीं पहिला रक्षक घेतला तो दुकानांत उभ्याउभ्या पाठीस लावून. "मोठा तितका बरा" असा आमचा समज! परंतु गाडीवर बसतांच त्याचें खालचें टोंक आसनास टेके, वरचें टोंक शिरस्त्राणास लागे, आणि मान वळवून मागची वाहतूक पाहणें अशक्य होई. रक्षणासाठीं घेतलेली वस्तूच संकट ओढवूं पाहत होती. म्हणून कंबरेपासून खांद्यापर्यंतचें अंतर मोजावें व चिठ्ठीवरील मापाशीं ताडून पाहावें. नंतर शिरस्त्राण घालून, गाडीवर बसून, हात मुठींवर ठेवून मान दोन्ही बाजूंस वळवून पाहावी.

रक्षकाचा प्रकारही आपल्या संवयीप्रमाणें निवडावा. जाकिटाच्या खिशांत बसणारा विसरला जात नाहीं. मात्र तो खिशापेक्षां लहान असल्यास सरकतो, आणि जाकीट सैल असल्यास पाठ सोडून भलतीकडे जातो. खांद्यांच्या पट्ट्यांचा व कमरपट्ट्याचा रक्षक पाठीस अधिक चिकटून राहतो. परंतु पट्टे काखेंत कांचतां कामा नयेत, व कमरपट्टा पोटावर न येतां कंबरेच्या हाडांजवळ यावा.

उकाड्याचा विचार तर आपल्या देशांत टाळतांच येत नाहीं. वारा खेळेल अशीं भोंकें किंवा खोबणी असलेला रक्षक घ्यावा, व आंत घाम टिपणारा पातळ सदरा घालावा. चिठ्ठीवर टी व अधिक चिन्ह असल्यास तो ४० अंशांच्या उष्णतेंतही कसोटीस उतरला आहे असें समजावें. मऊ फेसाचे गुण उष्णतेनें बदलूं शकतात, म्हणून वैशाखांत हें चिन्ह उपयोगीं पडतें. शक्य तर दुकानांतच वीस मिनिटें तो अंगावर ठेवावा. जें टोंचणें पांच मिनिटांत जाणवत नाहीं तें विसाव्या मिनिटास जाणवतें. जोराचा आघात झाल्यावर मात्र तो बाहेरून धड दिसला तरी बदलावा.

आमच्या बालवाचकांस गिअरच्या मोटार-सायकलीचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षापूर्वीं मिळणार नाहीं, आणि तोंपर्यंत थांबणें हेंच शहाणपण. परंतु वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या मागें तुम्ही आजही बसतां, आणि मागें बसणाऱ्यासही पाठ असतेच. घरीं रक्षक असेल तर तो खुंटीवर कां आहे, हें आज सायंकाळीं विचारा. टोंचत असेल तर माप बदलावें, उकडत असेल तर प्रकार बदलावा. दुसऱ्या पायरीचा सोसवतच नसेल तर पहिल्या पायरीचा घ्यावा. खुंटीवरील उत्तमापेक्षां पाठीवरील मध्यम बरा. आमचा तो विद्यार्थी आतां बरा होत आहे. जातांना त्यानें नव्या रक्षकासाठीं आपल्या पाठीचें माप आमच्याकडून घेवविलें, आणि कागदाची घडी जपून खिशांत ठेविली.