ओबडधोबड टेबल, नेटकी बांधणी

घरून काम करण्यासाठी लाकडी टेबल करायचं असेल तर आधी उंची ठरवावी, लाकूड नंतर. घडतं मात्र उलटं. जुन्या वाड्यातली एखादी तुळई नाहीतर दाराची रुंद फळी नजरेत भरते, तिचंच टेबल करायचं असं मनाशी पक्कं होतं, आणि पाय किती उंच ठेवायचे हे सुतार आपल्या सवयीने ठरवून टाकतो. ही सवय बहुतेकदा ३० इंचांची असते. उंच माणसाला ती चालून जाते. सव्वापाच फूट उंचीच्या बाईला किंवा पुरुषाला त्याच टेबलावर दिवसभर लॅपटॉप चालवायचा तर खांदे उचलून धरावे लागतात आणि संध्याकाळपर्यंत मान आखडते. म्हणून ज्या खुर्चीत रोज बसणार तिच्यातच बसून माप घ्यावं. पावलं जमिनीला सपाट टेकलेली, दंड अंगालगत सैल, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंत जे अंतर येईल तेवढी किंवा त्याहून बोटभर कमी उंची टेबलाला पुरते. बहुतेकांचं माप २५ ते २९ इंचांच्या दरम्यान निघतं. रुंदी लॅपटॉपपुरती २४ इंच, वेगळा मॉनिटर ठेवणार असाल तर २८ ते ३०. लांबी खोलीवर सोडावी, पण चार फुटांच्या खाली जाऊ नये. वही आणि स्क्रीन दोन्ही शेजारी मावायला हवीत.

गावरान, जाड फळीच्या टेबलांची एक अडचण इथेच लक्षात घ्यावी. टॉप दीड इंच जाड आणि त्याखाली चार इंचांची पट्टी असली, तर २७ इंची टेबलाखाली साडेएकवीस इंचच उरतात. तिथे मांड्या घासतात. बसण्याच्या बाजूची पट्टी दोन इंचांची ठेवायची किंवा ती आडवी निजवून बसवायची, हे सुताराला काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं. पाय कापून झाल्यावर त्यावर उपाय राहत नाही.

आता लाकूड. आपल्याकडे अशा टेबलासाठी सगळ्यात चांगला माल म्हणजे पाडलेल्या वाड्यांचं आणि चाळींचं जुनं सागवान. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड-दारूखान्याचा भाग, नागपुरात लकडगंज या लाकडाच्या जुन्या बाजारपेठा आहेत. तुळया, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या असा माल त्यांच्या आसपास मिळू शकतो. मुंबईतल्या इंग्रजी अमदानीतल्या इमारतींमध्ये बर्मा सागवान भरपूर वापरलं गेलं, तेही इमारती पडल्या की बाहेर येतं. कोरीव खांबांना आणि दारांना सजावटीचं गिऱ्हाईक असतं, त्यामुळे ते महाग पडतात. टेबलासाठी साध्या तुळया आणि फळ्या पाहाव्यात.

हे लाकूड घ्यायचं ते जुनं म्हणून नव्हे, तर कित्येक दशकं कोरडं राहिलेलं आणि कित्येक पावसाळे पाहिलेलं म्हणून. त्याला जेवढं वाकायचं होतं तेवढं ते बहुतांशी वाकून झालेलं असतं. घेताना टोक पाहावं, कारण तिथे आतलं सगळं दिसतं. मधला तपकिरी गाभा हाच खरा टिकाऊ भाग. बाहेरच्या फिकट पट्ट्यात वाळवी आणि भुंगेरे शिरतात, मग लाकूड सागवानी का असेना. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर फळी उभी धरून ठोकून पाहावी. ताजी, पिठासारखी भुकटी खाली पडली तर कीड अजून आत आहे, ती फळी घरात आणू नये. भोकं नुसती जुनी आणि कोरडी असतील तर हरकत नाही, तीच या टेबलाची शोभा.

जुन्या लाकडात खिळे असतात आणि ते वरून दिसत नाहीत. डोकी गंजून झडलेली असतात, खिळा आत तसाच राहतो. म्हणून सॉ मिलवाले जुनी तुळई चिरायला सहजी तयार होत नाहीत, एका खिळ्याने पातं जातं. ताकदीचं लोहचुंबक किंवा छोटा धातुशोधक फळीवरून इंच-इंच फिरवावा, खिळे काढावेत आणि मगच चिरायला न्यावं. रंगवलेल्या लाकडाबाबत आणखी सावध राहावं. घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असेल असंच धरून चालावं. असा रंग कोरडा घासून उडवू नये, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. रंग उतरवायचं रसायन लावून, ओला असतानाच खरवडून काढावा. सागवानाची धूळसुद्धा काहींच्या कातडीला आणि श्वासाला बाधते, तेव्हा घासताना मास्क हवाच.

नवं सागवान घेतलं तर ते किती वाळलं आहे हा प्रश्न पहिला. उघड्यावर, सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवलेल्या लाकडाला इंचभर जाडीमागे साधारण वर्ष लागतं, असा जुना अंदाज आहे. भट्टीत वाळवलेलं लवकर तयार होतं. ओलावा मोजणारं छोटं यंत्र महाग नसतं, ते खिशात असावं. कोकणात स्वतःच्या परड्यातल्या सागाचं, आंब्याचं किंवा फणसाचं टेबल करायची हौस अनेकांना असते. त्यांनी कुऱ्हाड उचलण्याआधी वनविभागाकडे जावं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली ही झाडं येतात, खासगी जमिनीवरची असली तरी. आंब्याचं लाकूड रंगाला सुंदर असतं, पण त्याला कीड फार लवकर लागते, म्हणून प्रक्रिया केल्याशिवाय ते वापरू नये.

खर्च बेताचा ठेवायचा असेल तर पॅकिंगचं पाईन आहे. चाकण, भोसरीसारख्या औद्योगिक भागांत परदेशी यंत्रांच्या पेट्या आणि पॅलेट फोडून ते विकलं जातं. त्यावर गव्हाच्या कणसाच्या चित्राचा जळका शिक्का असतो. शिक्क्यात ‘एचटी’ ही रोमन अक्षरं असली तर लाकडाला उष्णता देऊन कीड मारलेली आहे, ते खुशाल घ्यावं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरातल्या टेबलासाठी नको. पाईन मऊ असतं, पेन दाबून लिहिलं तर अक्षरं उमटतात, हे मान्य करूनच घ्यावं.

किती लाकूड लागेल? दुकानदार घनफुटात बोलतो. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घेऊन तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ने भागायचं. पाच फूट लांब, २४ इंच रुंद, दीड इंच जाड टॉपचे सव्वा घनफूट होतात. तीन इंच चौरस, अडीच फुटी चार पायांचे पाऊण घनफुटाहून थोडे कमी. इंचभर जाडीच्या चार इंची पट्ट्या १२ फूट धरल्या तर आणखी एक तृतीयांश. बेरीज सव्वादोनच्या आसपास. जुन्या मालात खिळे, भेगा, वाकडी टोकं यांत बरंच जातं, म्हणून तीन घनफूट घ्यावं. वजनाचाही विचार करावा. सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, म्हणजे नुसता टॉप बावीस-तेवीस किलोंचा झाला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो पायांपासून सुटा करता यायलाच हवा.

सुटा करण्याची ही गरज आणि टेबलाच्या टिकण्याचं रहस्य एकाच ठिकाणी आहे: टॉप पायांच्या चौकटीवर कसा बसवला यात. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. जुलैत कोकणात किंवा मुंबईत ते फुगतं, एप्रिलात विदर्भात किंवा एसीच्या खोलीत आक्रसतं. पण ते सगळीकडून सारखं हलत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, फरक जवळपास नसतोच. रुंदीत मात्र असतो. दोन फूट रुंदीचा सागवानी टॉप ऋतूंच्या दोन टोकांमध्ये एक-दोन सूत सहज कमीजास्त होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला ते किरकोळ वाटतं, पण ही हालचाल अडवली तर लाकूड कुठेतरी वाट काढतंच, आणि त्यासाठी त्याला फाटावं लागतं. पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध उभी भेग पडलेल्या टेबलांचं लाकूड क्वचितच वाईट असतं. टॉप फ्रेमला चारी बाजूंनी फेविकॉल लावून, वर स्क्रू आवळून जखडलेला असतो.

म्हणून मिस्त्रींना स्पष्ट सांगावं: टॉपच्या फळ्या एकमेकींना चिकटवा, टॉप फ्रेमला चिकटवू नका. तो लाकडी गुटक्यांनी धरायचा. फ्रेमच्या पट्टीला आतून लांब खाच पाडायची, गुटक्याची जीभ त्या खाचेत सरकवायची आणि गुटका टॉपला खालून स्क्रूने बसवायचा. टॉप खाली घट्ट दाबलेला राहतो, तरी रुंदीत सरकायला त्याला वाव मिळतो. एवढं काम करायला कोणी तयार नसेल तर लोखंडी अँगल चालतील, पण त्यांची भोकं लांबट हवीत, गोल नकोत. याच कारणाने टॉपच्या दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या ठोकून चिकटवू नयेत. दिसायला त्या छान दिसतात, पण फळ्यांची रुंदी त्या पक्की बांधून टाकतात.

टॉप एका अखंड फळीचा असावा हा हट्ट मी धरणार नाही. चार-पाच इंची पाच फळ्या जोडून केलेला टॉप जास्त सपाट राहतो. जोडताना टोकांवर दिसणारी वाढीची वर्तुळं एका फळीत वर, शेजारच्या फळीत खाली अशी आलटून पालटून ठेवावीत, म्हणजे सगळ्या फळ्या एकाच बाजूला कपासारख्या वळत नाहीत. सागवान तेलकट असल्यामुळे कडा रंध्याने ताज्या साफ केल्या की त्याच दिवशी चिकटवाव्यात. आठवडाभर उघड्या राहिलेल्या कडेवर गोंद नीट धरत नाही. दोन फळ्या कोरड्याच एकमेकींना लावून उजेडासमोर धराव्यात. फटीतून प्रकाश आला तर रंधा पुन्हा मारायचा. ती फट क्लॅम्पच्या जोरावर मिटवली तर पुढे तिथेच सांधा उघडतो.

पायांसाठी कुसू आणि खाच हाच सांधा मागावा: पट्टीच्या टोकाला कुसू, पायात त्याच्या मापाची खाच, आत गोंद. नुसत्या स्क्रूवर उभं केलेलं टेबल टायपिंगच्या हादऱ्यांनी वर्षभरात डुलायला लागतं. या ठिकाणी ओबडधोबडपणाला जागा नाही. गाठी, करवतीचे व्रण, खिळ्यांचे काळे डाग पायांवर आणि बाहेरच्या कडांवर हवे तेवढे राहू द्यावेत. हात आणि वही जिथे टेकते तो भाग मात्र गुळगुळीतच हवा. मोठ्या भोकांत पारदर्शक इपॉक्सी भरावं, लहानांत त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल. पुढची कड गोल करून घ्यावी, नाहीतर मनगटाखाली ती दिवसभर रुतते. वायरींसाठी मागच्या कडेला दोन इंची भोक पॉलिशच्या आधीच पाडून घ्यावं.

पॉलिश ८०, १२० आणि मग १८० नंबरच्या पेपरने घासून झाल्यावर. जवसाचं तेल आणि वर मेण हा या रूपाला सगळ्यात साजरा उपाय, ओरखडा पडला तरी घरच्या घरी पुन्हा लावता येतो. पण दमट हवेत कच्च्या तेलावर बुरशी धरू शकते, म्हणून ‘बॉइल्ड’ प्रकारचं घ्यावं आणि थर अगदी पातळ लावावेत. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. लाखेचं स्पिरिट पॉलिश देखणं असतं, पण गरम चहाच्या कपाने त्यावर पांढरं कडं उमटतं. लहान मुलं आणि सांडलवंड असलेल्या घरात मॅट पीयू (पॉलियुरेथेन) बरं. काहीही लावा, ते टॉपच्या खालच्या बाजूलाही तेवढंच लावा. वरून बंद आणि खालून उघडी फळी एकाच बाजूने ओल घेते आणि वळते. कारागीर इथे हमखास हात आखडतात, कारण खालची बाजू कोणी पाहत नाही.

तयार टेबल विकत घेतानाही याच गोष्टी उलट क्रमाने तपासायच्या. खाली वाकून टॉप कसा बसवला आहे ते पाहावं. ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलेलं असेल तर ते भुशाचं किंवा तंतूंचं दाबून केलेलं बोर्ड असण्याची शक्यता मोठी. ते ओल्या फडक्याने रोज पुसणं सोसत नाही. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून वळून टोकाला वर्तुळांत संपत असतील तर लाकूड भरीव आहे, त्या कडेवर तुटत असतील तर वर पातळ थर चिकटवलेला आहे. जुनं भासवण्यासाठी साखळीने ठोकून पाडलेल्या खुणा ओळखता येतात. त्या ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. राजस्थानातून येणाऱ्या शीशमच्या टेबलांत पांढरट पट्टे दिसले तर ते नाकारावेत, कीड तिथूनच सुरू होते. शेवटी टेबलाचा कोपरा धरून जोराने आडवं ढकलावं. पाय किरकिरले किंवा टॉप लांबीत डुलला तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

टेबल आणल्यावर ते बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार बोटं लांब ठेवावं. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. पायांखाली रबराच्या चकत्या लावाव्यात, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी लाकडाच्या टोकातून वर चढत नाही. एसीचा झोत थेट टॉपवर येऊ देऊ नये. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा गेल्यावर गुटक्यांचे स्क्रू एकदा तपासून अर्धा आटा आवळावेत.