दिवाळसण आणि तंबूतला सिनेमा

लग्नानंतरची पहिली दिवाळी जावयाने सासुरवाडीत करायची, हा दिवाळसण. बारामती-इंदापूरच्या गावांतही तो हौसेने होतो. उटणं लावून आंघोळ, नवे कपडे, ऐपत असेल तर अंगठी. पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, पत्नी पतीला ओवाळते आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज येते. जावयाचा दुसरा मोठा मान धोंड्याच्या महिन्यात. सुमारे 32-33 महिन्यांनी येणाऱ्या या अधिक मासात पुरणाचे धोंडे करतात आणि 33 अनारसे वाण म्हणून देतात.

पाहुण्यांना सिनेमाला नेणं हा पाहुणचाराचाच भाग. नवं जोडपं एकटं क्वचितच जाई. मेहुणे-मेहुण्या बरोबर असायच्याच. तालुक्याला पक्की थिएटरं होती, पण खरी गंमत जत्रेतल्या टूरिंग टॉकीजची! ट्रकमधून तंबू, पडदा आणि प्रोजेक्टर यायचा, प्रेक्षक जमिनीवर बसायचे. बायका-पुरुषांची बसायची जागा बहुधा वेगळी, त्यामुळे नवराबायको एकाच तंबूत असूनही लांब. रीळ बदलताना पडदा काळा व्हायचा आणि शिट्ट्या सुरू.

विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांची भूमिका असलेला 'माहेरची साडी' (1991) गावोगावच्या बायकांनी डोक्यावर घेतला. सासर-माहेरचीच गोष्ट, त्यामुळे माहेरवाशिणींना तो आपला वाटला. पुढे टीव्ही आणि मोबाईलने तंबू ओस पाडले. तरी 2016 मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने घरची घरं पुन्हा थिएटरात आणली. त्याचं बरंच चित्रीकरण इंदापूरच्या शेजारच्या करमाळा तालुक्यात झालं आहे.