चार पेट्या, एक ध्वनिवर्धक

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. समजा, तेथील वाद्यवृंदात बास गिटारसाठी ८ ओहम संरोधाच्या चार स्पीकर-पेट्या आहेत. (संरोध म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध.) ध्वनिवर्धकाला मात्र ४ ओहमपेक्षा कमी संरोध चालत नाही.

२० व्होल्टला एक पेटी २.५ अँपिअर प्रवाह, म्हणजे ५० वॅट शक्ती घेते. चारही समांतर जोडल्या तर संरोध २ ओहम उरेल, प्रवाह १० अँपिअर होईल आणि ट्रान्झिस्टर तापून जळण्याचा धोका!

उपाय? दोन-दोन पेट्या एकसर जोडा. प्रत्येक जोडी १६ ओहमची. मग जोड्या समांतर जोडा. संरोध पुन्हा ८ ओहम! मात्र प्रत्येक पेटीला १२.५ वॅटच मिळतील.

दोनच पेट्या समांतर जोडल्या तर? गणित करून पाहा.