विश्लेषण : रेसिंग कारचा शंभर वर्षे जुना फोटो, गाडी कोणती, चालक कोण, हे कसे ओळखतात?

पुढे झुकलेले अंडाकृती चाक, मागे कललेले प्रेक्षक आणि गाडीवर ठळक ६ हा आकडा. फ्रेंच छायाचित्रकार जाक-आंरी लार्तिग यांचा हा फोटो जगभर गाजला. अनेक दशके त्याखाली एकच ओळ छापली जात होती : ‘देलाज गाडी, फ्रेंच ग्रां प्री, दिएप, १९१२’. पुढे लक्षात आले, की यातली गाडी चुकीची, गाव चुकीचे आणि वर्षही चुकीचे!

चूक कशी सापडली?

अभ्यासकांनी शर्यतींच्या प्रवेशयाद्या तपासल्या. १९१२च्या दिएपच्या शर्यतीत देलाज कंपनी उतरलीच नव्हती. पुढच्या वर्षी, १२ जुलै १९१३ रोजी आमियाँ येथे झालेल्या ग्रां प्रीमध्ये मात्र ६ क्रमांक ‘तेओदोर श्नायडर’ या कंपनीच्या गाडीला होता आणि चालक होता क्रोके. म्हणजे फोटो काढला तेव्हा लार्तिग १८ नव्हे, तर १९ वर्षांचे होते. फोटोत गाडीचा पुढचा भाग कापला गेला आहे. त्यामुळे कंपनी ओळखण्याची सर्वांत सोपी खूण, म्हणजे रेडिएटर, फ्रेममध्येच नव्हता.

चाक वाकडे का दिसते?

त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत शटर म्हणजे एक पडदा असे आणि त्यातली अरुंद फट काचेच्या प्लेटवरून सरकत जाई. भिंगातून प्रतिमा उलटी पडत असल्याने दृश्याचा खालचा भाग आधी टिपला जाई, वरचा नंतर. तेवढ्या वेळात गाडी पुढे गेली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे सरकलेला दिसतो. लार्तिग कॅमेराही गाडीच्या दिशेने फिरवत होते, म्हणून स्थिर उभे असलेले प्रेक्षक उलट बाजूला कलले. चालत्या बसमधून मोबाइलवर फोटो काढताना खांब तिरके येतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

नंबर मिळाला, की चालक सापडला?

नेहमीच नाही. १९५७च्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये २० क्रमांकाची व्हॅनवॉल गाडी टोनी ब्रूक्स यांनी सुरू केली. स्टर्लिंग मॉस यांची १८ क्रमांकाची गाडी बिघडल्यावर मॉस ब्रूक्स यांच्या गाडीत बसले आणि तीच गाडी पहिली आली. विजय दोघांच्या नावे नोंदला गेला. केवळ यादी पाहून ‘२० म्हणजे ब्रूक्स’ असे लिहिले, तर निम्म्या फोटोंची ओळख चुकेल. अशा वेळी हेल्मेट, गॉगल, बसण्याची ढब पाहावी लागते. मॉस यांचे पांढरे हेल्मेट ही ओळखीची खूण होती.

वर्षाचा अंदाज कसा बांधतात?

गाडीत दोघे बसलेले दिसले, तर दुसरा बहुधा मेकॅनिक. ग्रां प्री शर्यतींत १९२५पासून मेकॅनिकला सोबत नेणे बंद झाले. ग्रां प्रीमध्ये हेल्मेटची सक्ती झाली १९५२मध्ये. त्यामुळे नुसती कापडी टोपी दिसली, तर ग्रां प्रीचा फोटो साधारण त्याआधीचा. घोड्याच्या नालेसारखे रेडिएटर आणि आठ आऱ्यांची ॲल्युमिनियमची चाके असतील, तर ती १९२४मध्ये आलेली बुगाटी टाइप ३५ असण्याची शक्यता मोठी.

रंगाचे काय?

पूर्वी गाडीचा रंग देशानुसार ठरे : फ्रान्स निळा, इटली लाल, ब्रिटन हिरवा, बेल्जियम पिवळा. कृष्णधवल फोटोत हे कळत नाही. शिवाय त्या काळच्या बऱ्याच फिल्म आणि प्लेट लाल रंग टिपत नसत. त्यामुळे लाल गाडी काळपट आणि निळी गाडी फिकट दिसे. ॲपने रंगवलेला फोटो म्हणूनच पुरावा धरता येत नाही. तो संगणकाचा अंदाज असतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

एक कारण पैसा. १९६२ची एक फेरारी २५० जीटीओ २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरना विकली गेली. अशा गाडीची किंमत ‘हीच गाडी त्या शर्यतीत धावली’ या दाव्यावरही ठरते. जुन्या फोटोतला पोचा, रिव्हेटची रांग, आरशाची जागा हे सारे आजच्या गाडीशी ताडून पाहिले जाते. दुसरे कारण माणसांचे. ओळ चुकली, की जिवावर उदार होऊन गाडी हाकणाऱ्याचे नावच पुसले जाते. क्रोके यांचे तेच झाले होते.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर?

आधी मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीची नोंद तिथेच असते. मग पार्श्वभूमीतल्या पाट्या, झेंडे, इमारती पाहा. भारतातला फोटो असेल, तर नंबरप्लेट वाचा. ‘एमएच’ ही मालिका १९८९नंतरची आहे. स्कॅन करताना कडा कापू नका. आणि इमेज सर्चमध्ये शंभर ठिकाणी एकच नाव आले, तरी मूळ नोंद शोधा. लार्तिग यांच्या फोटोखालची चूकही अशीच एकाने दुसऱ्याची ओळ उचलत अनेक दशके टिकली होती.