चौकोनी ठिपक्यांची चढण

ठळक चौकोनी ठिपक्यांचीं चित्रें आणि उड्या मारीत पुढें जाणें, असे जुन्या धाटणीचे संगणकावरील खेळ आजहि लोकांस कां मोहवितात? केवळ बालपणाची आठवण, हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. १९८० च्या सुमाराचे खेळ बहुधा निर्दय असत. नाणें टाकून चालणाऱ्या यंत्रावर खेळणारा लवकर हरला, तरच दुसरें नाणें पडे. आणि हरला कीं पुन्हां आरंभापासून! मॅडी थॉरसन, नोएल बेरी व त्यांच्या लहानशा मंडळीनें २०१८ सालीं काढलेल्या ‘सेलेस्ट’चें रूप जुनें, पण अंतःकरण निराळें आहे. त्यांत मॅडेलिन नांवाची मुलगी पर्वत चढते. ती पडली कीं क्षणांत त्याच टप्प्याच्या आरंभीं उभी राहते. कड्यावरून पाय सुटल्यावरहि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत तिची उडी मान्य होते. चढण मात्र कठीणच ठेविलेली आहे. म्हणून माथ्यावर पोंचल्याचा आनंद खरा असतो. मुलांच्या चुका मोजीत बसणाऱ्या आम्हां वडील मंडळींनीं यांतून एवढें घ्यावें: कड्याची उंची कमी करूं नये, पण पडलेल्यास पुन्हां पायथ्याशींहि धाडूं नये.