दिवसा ऑरॅकल, संध्याकाळी डावखुरी गोलंदाजी

सौरभ नेत्रावलकर हे नाव प्रत्येक मुंबईकराच्या ओठांवर असायला हवं! २०१० साली के. एल. राहुलसोबत भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक, पुढे मुंबईकडून रणजी आणि २०१५मध्ये कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राचं उच्चशिक्षण. क्रिकेट संपलंच, असं धरून त्याने अमेरिकेला स्पाइक्ससुद्धा नेले नव्हते.

खेळ मात्र सुटला नाही. ऑरॅकलमधली इंजिनिअरची नोकरी सांभाळत तो अमेरिकेच्या संघात आला, कर्णधारही झाला.

मग ६ जून २०२४, डॅलस. टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध सामना बरोबरीत. सुपर ओव्हरमध्ये १८ धावा राखायच्या, समोर इफ्तिखार अहमद. त्याने चौकार मारला, पण सौरभची लय बिघडली नाही. पुढच्याच वैध चेंडूवर इफ्तिखार झेलबाद. पाकिस्तान १३वर थांबला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध सौरभने कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहितला बाद केलं. ज्यांच्याविरुद्ध खेळायचं, तीच आपल्या मायदेशाची माणसं. केवढं दडपण असेल!

विश्वचषकातही लॅपटॉप सोबतच होता; सामना संपला की हॉटेलवर ऑफिसचं काम. हे जगाला सांगितलं त्याच्या बहिणीने, अर्थात कौतुकाने. फावल्या वेळात तो युकुलेलेवर हिंदी गाणी गातो. ते व्हिडिओ जरूर ऐका, गळा छान आहे.